डाग कोठून आला?

देवनागरी लिपीत अनुस्वार ही सर्वांत लहान खूण. पण तिची सत्ता मोठी. 'चिंता' या शब्दावरील एक ठिपका गळला की त्याची 'चिता' होते, आणि 'नदी'वर एक ठिपका चुकून पडला की तिचा 'नंदी' होतो. लेखकाने विचारपूर्वक लिहावे, मुद्रितशोधकाने तीनतीनदा तपासावे, आणि छापून आलेल्या पानावर मात्र भलताच शब्द ठाण मांडून बसलेला असावा, असे कधी कधी घडते. वाचक मुद्रितशोधकाला नावे ठेवून मोकळा होतो. तो बिचारा पुष्कळदा निरपराध असतो. त्याच्या हातून पान शुद्ध होऊनच गेलेले असते. अपराध घडतो तो त्यानंतर, छापखान्याच्या मागल्या अंगाला असलेल्या एका खोलीत. तेथे ॲल्युमिनियमचा पत्रा रसायनातून, पाण्यातून आणि डिंकातून पार होऊन 'प्लेट' या पदवीला पोहोचत असतो.

शब्दांची गंमत एक वेळ सोडून द्यावी. पण औषधाच्या बाटलीसोबतच्या पत्रकावर '२.५' छापायचे असून मधला बिंदू उडाला, तर उरते '२५'. मात्रा दसपट झाली! धान्याच्या कणाएवढाही नसलेला तो बिंदू रोग्याच्या आणि औषधाच्या मध्ये उभा असतो. म्हणून छपाईतील डागाचा शोध हा केवळ नीटनेटकेपणाचा प्रश्न नाही. तो विश्वासाचा प्रश्न आहे.

या कलेचे मूळ दगडात आहे. १७९६ च्या सुमारास बव्हेरियात ॲलोइस सेनेफेल्डर याला असे दिसून आले की, चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट खडूने लिहून ती ओली केली, तर कोरी जागा पाणी धरते आणि शाईला दूर लोटते, तर तेलकट अक्षर पाण्याला दूर लोटून शाई धरते. अक्षर उंच नाही, खोल नाही. सगळा व्यवहार एकाच पातळीवर, तेल आणि पाणी यांच्या जन्मजात वैरावर चाललेला. याच शिळाछापावर गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ साली मराठी पंचांग छापले. पुढे राजा रविवर्म्यांची चित्रे १८९४ साली मुंबईत निघालेल्या त्यांच्या छापखान्यातून घरोघरच्या भिंतींवर गेली, तीही शिळेच्याच कृपेने. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत न्यू जर्सी येथे आयरा रूबेल या मुद्रकाच्या ध्यानात एक गोष्ट आली. यंत्रात कागद घालावयाचा चुकला की छाप रबरी आवरणावर उमटतो, आणि पुढच्या कागदाच्या पाठीवर त्या रबराने दिलेला ठसा मूळ ठशाहून अधिक रेखीव असतो. चुकीतूनच ऑफसेट छपाईचा मार्ग मोकळा झाला. ज्या कलेचा असा उदय चुकीकडे नीट पाहिल्यामुळे झाला, तिच्यात चुका पाहण्याचे शास्त्र निर्माण व्हावे हे क्रमप्राप्तच होते.

शिळेची जागा आता पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याने घेतली आहे. त्याचा पृष्ठभाग सूक्ष्मपणे खरबरीत केलेला असतो, म्हणजे पाणी त्यावर टिकून राहावे; मग विजेच्या साहाय्याने त्यावर ऑक्साइडचा कठीण थर चढवलेला असतो, आणि त्यावर प्रकाशाने किंवा उष्णतेने पालटणारा एक थर पसरलेला असतो. पूर्वी फिल्ममधून प्रकाश पाडून या थरावर चित्र उतरवीत. १९९५ साली जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे भरलेल्या द्रुपा प्रदर्शनात संगणकावरून थेट प्लेटवर चित्र उतरवणारी यंत्रे मोठ्या संख्येने मांडली गेली, आणि तेव्हापासून फिल्म मागे पडत गेली. आता हे काम लेझर किरण करतो. पॉझिटिव्ह जातीच्या प्लेटवर किरण जेथे पडतो तेथला थर विरघळण्याजोगा होतो. निगेटिव्ह जातीच्या प्लेटवर नेमके उलट, किरण पडतो तेथला थर कठीण होऊन राहतो. हा भेद विसरला तर पुढचे सारे निदान उलटे पडते.

किरणाने काढलेले चित्र अजून सुप्त असते. ते जागे करण्याचे काम प्रोसेसर नावाचे यंत्र करते. लांबट पेटीसारख्या या यंत्राच्या एका तोंडातून प्लेट आत सरकते. पहिल्या कुंडात डेव्हलपर, म्हणजे तीव्र अल्कधर्मी द्रावण. तेथे ब्रश नको असलेला थर घासून काढतो. मग रबरी रूळ तिला पिळून पुढे ढकलतात. दुसऱ्या टप्प्यात स्वच्छ पाण्याचे फवारे. तिसऱ्या टप्प्यात डिंकाचा पातळ लेप, कारण उघडे ॲल्युमिनियम हवेशी आणि ओलाव्याशी फार वेळ एकटे ठेवण्यासारखे नसते. शेवटी उष्ण हवेने ती वाळते. काही निगेटिव्ह प्लेटांना कुंडात उतरण्यापूर्वी भट्टीचा शेकही द्यावा लागतो. नदीवर धुणे धुणाऱ्या परटाची सगळी कामे, भिजवणे, घासणे, विसळणे, पिळणे, खळ देणे आणि वाळवणे, या पेटीत क्रमाने होतात. आणि परटाच्या हातून कपड्याला जितक्या प्रकारे डाग पडू शकतो, तितक्याच प्रकारे येथे प्लेटला पडतो.

किती लहान वस्तूंची ही राखण आहे, याचीही कल्पना असावी. प्रतिसेंटिमीटर ६० ओळींच्या जाळीने छापलेल्या चित्रात, चेहऱ्यावरील उजेडाची छटा दाखवणारा एक टक्क्याचा ठिपका सुमारे १९ मायक्रोमीटर व्यासाचा असतो. माणसाच्या केसाहून कितीतरी बारीक. रसायन थोडे जहाल झाले की असे हजारो ठिपके एकदम नाहीसे होतात, आणि चित्रातल्या मुलीच्या गालावर उजेडाऐवजी कोरा कागद दिसू लागतो.

दोष दिसला की छापखान्यात पहिला उद्गार निघतो तो आरोपाचा. मशीनमन म्हणतो, प्लेट खराब. प्लेटच्या खोलीतला कारागीर म्हणतो, मशीनवरची शाई-पाण्याची जोडी बिघडली. दोघे मिळून म्हणतात, कागद वाईट. रात्रीचे दोन वाजलेले असतात, पहाटेची गाडी गाठायची असते, आणि रद्दीचा ढीग वाढत असतो. अशा वेळी अनुभवी माणूस आवाज चढवत नाही. तो भिंग उचलतो.

पहिली चौकशी अपराधाच्या स्थळाची. छापलेले दहावीस कागद ओळीने मांडावेत. डाग कागदागणिक जागा बदलत असेल, तर तो उडत्या धुळीचा, शाईतल्या खपलीचा किंवा कागदाच्या तंतूचा. प्लेटवर संशय घेण्याचे कारण नाही. मध्ये भरीव ठिपका आणि भोवती पांढरे कडे अशी आकृती दिसली, तर प्लेटवर किंवा ब्लँकेटवर कण चिकटून बसला आहे, असे समजावे. तो पुसला की प्रश्न मिटतो. डाग प्रत्येक कागदावर त्याच ठिकाणी असेल, तर यंत्र थांबवून प्लेटवरची तीच जागा भिंगाखाली पाहावी. प्लेट तेथे निर्दोष असेल, तर दोष ब्लँकेटकडे किंवा त्यामागच्या सिलिंडरकडे जातो. प्लेटवर डाग असेल तरच पावले मागच्या खोलीकडे वळवावीत.

दुसरी चौकशी दिशेची. समजा, चित्रात उभ्या रेघा उमटल्या आहेत. त्या प्रोसेसरने काढल्या की लेझरच्या यंत्राने? एक साधी युक्ती आहे. तेच चित्र दोन प्लेटांवर घ्यावे. एक नेहमीप्रमाणे प्रोसेसरमध्ये सोडावी आणि दुसरी काटकोनात फिरवून सोडावी. रेघांनी चित्राशी असलेली दिशा बदलली आणि त्या प्लेटच्या प्रवासाच्या रोखाने पडल्या, तर गुन्हेगार प्रोसेसरमध्ये आहे. त्या चित्राला धरूनच राहिल्या, तर लेझरकडे किंवा संगणकातल्या मूळ पानाकडे जावे. प्लेटच्या घडणीतलाच दोष असेल, अशी शंका आली, तर दुसऱ्या पाकिटातली प्लेट घेऊन प्रयोग पुन्हा करावा. दोन प्लेटांच्या खर्चात रात्रभराचा वाद संपतो.

तिसरी चौकशी अंतराची. डाग ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येत असेल, तर पट्टी लावून ते अंतर मोजावे. समजा ते १५७ मिलिमीटर भरले. वर्तुळाचा परीघ व्यासाच्या ३.१४ पट, हे शाळेतले गणित येथे कामाला येते: ५० मिलिमीटर व्यासाचा रूळ एका फेऱ्यात १५७ मिलिमीटर चालतो. म्हणजे यंत्रातल्या ५० मिलिमीटर व्यासाच्या रुळांपैकी एखाद्यावर खाच पडली आहे किंवा काही चिकटून सुकले आहे. डाग स्वतःच आपला पत्ता सांगतो; फक्त विचारणारा हवा.

आता रोगांकडे वळावे. सर्वांत नेहमीचा रोग म्हणजे कोऱ्या जागेने शाई धरणे. कारागीर त्याला स्कमिंग म्हणतात. पॉझिटिव्ह प्लेटवर याचा साधा अर्थ, नको असलेला थर पुरता निघालेला नाही. खात्रीसाठी कोऱ्या जागेवर ॲसिटोनचा एक थेंब टाकतात. थेंब सुकल्यावर कडेला रंगीत कडे उमटले, तर तेथे थराचा अवशेष आहे. तशीच दुसरी प्लेट प्रोसेसरमधून लागोपाठ दोनदा काढावी; दुसऱ्या खेपेस ती स्वच्छ झाली, तर डेव्हलपरची पहिली मेहनत अपुरी पडत होती, हे सिद्ध झाले.

ती अपुरी का पडली? कारणे चार. द्रावण थंड असेल; हिवाळ्यात पहाटे यंत्र चालू करून कुंड तापण्यापूर्वीच घाईने प्लेट सोडली, की पहिल्या दोनचार प्लेटा मळक्या निघतात. द्रावण थकलेले असेल. प्रत्येक प्लेट आपला विरघळलेला थर मागे ठेवून जाते, म्हणून प्लेटच्या क्षेत्रफळाच्या हिशोबाने ताजे द्रावण मिसळत राहावे लागते. तो पंप किंवा त्याची नळी तुंबली, तर वरून काहीही दिसत नाही आणि द्रावण मात्र हळूहळू निवृत्त होते. तिसरे, ब्रश झिजलेला असेल किंवा त्याचा दाब एका बाजूला कमी असेल; मग प्लेट एकाच कडेला मळते. चौथे कारण नवख्याला सुचत नाही: काम न करताही डेव्हलपर बिघडतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्यातली अल्कली कार्बोनेटमध्ये बदलत जाते. दिवसाला दोनच प्लेटा काढणाऱ्या छोट्या छापखान्यात द्रावण आळसाने मरते. म्हणून कुंड झाकलेले ठेवणे, आणि प्लेटांचा हिशोब नसला तरी वेळेच्या हिशोबाने ताजी भर घालणे, हे दोन्ही आवश्यक. द्रावणाची विद्युत्‌वाहकता दाखवणारे मीटर येथे उपयोगी पडते, पण त्याच्यावर डोळे मिटून विसंबू नये. साचलेले क्षारही वीज वाहतात, आणि थकलेले द्रावण कागदोपत्री तरुण दिसू शकते.

दुसरा रोग याच्या उलट: चित्रातील हलक्या छटा उडणे, बारीक रेषा तुटणे, अनुस्वार गळणे. पॉझिटिव्ह प्लेटवर हे द्रावण जहाल, उष्ण किंवा प्लेटचा मुक्काम कुंडात लांबल्याचे लक्षण. अशा बहुतेक द्रावणांना बावीस ते पंचवीस अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान मानवते. नागपूरच्या वैशाखात, खोलीची हवा थंड ठेवणारे यंत्र बंद पडले आणि द्रावण थंड करणारी व्यवस्था हरली, की दुपारच्या प्लेटा सकाळच्या प्लेटांसारख्या येत नाहीत. येथे खात्रीचा उपाय म्हणजे किरण न लावलेली कोरी प्लेट यंत्रातून काढणे. तिचा थर जसाच्या तसा राहिला पाहिजे. तो फिका पडला, तर लेझरला दोष देता येत नाही. त्या प्लेटला किरणाने स्पर्शच केलेला नव्हता. मात्र थर शाबूत राहिला, तर किरणाची तीव्रता तपासावी; आणि प्लेट खोलीत आणण्यापूर्वी खिडकीच्या उन्हात पडून राहिली होती काय, हेही विचारावे.

निगेटिव्ह प्लेटच्या बाबतीत याच लक्षणांची कारणे फिरतात. शेक जास्त झाला तर किरण न लागलेला थरही कठीण होतो आणि कोरी जागा मळते. शेक कमी पडला तर चित्रच अशक्त राहते आणि काही हजार प्रतींनंतर झिजू लागते. एकच ताप, पण एकाला हिवतापाचा, दुसऱ्याला विषमज्वराचा; औषध देण्यापूर्वी रोगी कोण, हे पाहावेच लागते.

विसळण्याच्या टप्प्याकडे सहसा दुर्लक्ष होते, कारण तेथे केवळ पाणी असते. पण पिळणारे रूळ जुने होऊन त्यांची पकड सुटली, की डेव्हलपर पाण्यातून पुढे डिंकाच्या कुंडात पोहोचतो. अल्कलीने बाटलेला डिंक आपले काम विसरतो, आणि प्लेटवर पट्टे उमटतात. फवाऱ्याची छिद्रे विहिरीच्या जड पाण्यातील क्षारांनी बुजली, तरी असेच पट्टे दिसतात, पण ते बुजलेल्या छिद्राच्या रेषेतच.

डिंकाचे दोष दोन टोकांचे. लेप जाड झाला किंवा ओघळला, की चित्राची जागाही शाई घेत नाही. छपाईच्या आरंभी अक्षरे आंधळी निघतात आणि ओल्या स्पंजने पुसल्यावर हळूहळू उजळतात. उजळली, तर दोष डिंकाचा समजावा. लेप अपुरा राहिला आणि प्लेटवर पाण्याचे थेंब सुकले, तर त्या ठिकाणी ॲल्युमिनियमवर सूक्ष्म गंज चढतो, आणि कोऱ्या जागेत ठिपक्यांची किंवा कड्यांची रांगोळी उमटते. पावसाळ्यात दमट खोलीत ठेवलेल्या प्लेटांवर हे विशेष घडते. रात्री काम संपल्यावर डिंकाचे रूळ कोमट पाण्याने धुतले नाहीत, तर सकाळी त्यांवर काचेसारखी खपली बसते. आणि पहिल्या प्लेटला त्या खपलीचा ओरखडा हीच दिवसाची सलामी मिळते.

उरला तो एकटा, अनपेक्षित ठिपका. कुंडाच्या तळाशी साचलेला गाळ उसळून प्लेटवर बसला, तर नसलेला ठिपका जन्माला येतो. उलट, यंत्राच्या झाकणाखाली जमलेला डेव्हलपरचा थेंब आत शिरणाऱ्या पॉझिटिव्ह प्लेटवर टपकला, तर असलेला ठिपका मरतो. पहिल्यावर उपाय म्हणजे गाळणी बदलणे आणि कुंड धुणे. दुसऱ्यावर, झाकण पुसणे. दोन्ही कामे झाडूपोछ्याच्या मोलाची, आणि 'नदी'चा 'नंदी' होणे किंवा '२.५'चे '२५' होणे त्यांवर अवलंबून! ही कामे करणाऱ्याने हातमोजे आणि चष्मा घातलाच पाहिजे. जे द्रावण प्लेटवरचा थर उतरवते, ते डोळ्याची गय करीत नाही. वापरलेले द्रावण सरळ गटारात ओतणे हाही एक डागच आहे, फक्त तो कागदावर दिसत नाही.

येथे छापखान्याच्या नीतीचा एक कठीण प्रसंग उभा राहतो. प्लेटवर अधिकचा ठिपका दिसला, तर तो खोडण्यासाठी खास लेखणी मिळते. एक टिंब लावले, पुसले, आणि यंत्र सुरू! मालक खूश, गाडी गाठली. पण ठिपका खोडणे आणि ठिपक्याचे कारण खोडणे या भिन्न गोष्टी आहेत. गाळ कुंडात तसाच आहे. तो पुढच्या प्लेटवर कोठे बसेल, हे कोणी सांगावे? शिवाय अधिकचा ठिपका खोडता येतो, गळालेला परत बसवणे तितके सोपे नसते. आणि गळालेला ठिपका डोळ्यांना दिसतही नाही, कारण जे नाही ते पाहणार कसे? म्हणून जाणता कारागीर लेखणीने आजची निकड भागवतो; पण त्याच वेळी पाटीवर तारीख, वेळ, द्रावणाचे तापमान आणि डागाची जागा लिहून ठेवतो, आणि काम संपताच यंत्र उघडतो. औषधाच्या पत्रकासारखे काम असेल, तर तो लेखणीला हातही लावत नाही; नवी प्लेट काढतो आणि मूळ पानाशी अंकन्‌अंक ताडून पाहतो.

हे सारे बिघाड होण्यापूर्वीच टाळण्याचा मार्गही आहे, आणि तो मुळीच गहन नाही. रोज सकाळी एक ठरावीक चाचणीपट्टी प्लेटवर घ्यावी. तीत पन्नास टक्क्यांचा चौकोन असतो. तो मोजून वहीत लिहावा. आज पन्नास, उद्या पन्नास, परवा एकोणपन्नास, तेरवा सत्तेचाळीस, असे आकडे उतरू लागले, की रोग अंगावर येण्यापूर्वीच त्याची चाहूल लागते. ज्या छापखान्यात ही वही आहे, तेथे मशीनमन आणि प्लेटचा कारागीर यांचे भांडण फार वेळ चालत नाही. कारण वहीला बाजू नसते.

एकविसाव्या शतकात अशाही प्लेटा आल्या आहेत की ज्यांना प्रोसेसर लागतच नाही. लेझरनंतर त्या सरळ छपाईच्या यंत्रावर चढतात, आणि तेथल्या शाई-पाण्यानेच त्यांचा नको तो थर निघून जातो. त्या जिथे गेल्या तिथे कुंड, ब्रश आणि डिंकाचे रूळ यांची गरज संपली. पण डाग संपले नाहीत; त्यांचे घर तेवढे बदलले. स्थळ, दिशा आणि अंतर हे तीन प्रश्न तेथेही तसेच विचारावे लागतात, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहण्याचा संयम तेथेही तितकाच लागतो. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि दोष गेला, तर दोष गेल्याचा आनंद होतो, पण ज्ञान होत नाही. आणि ज्ञानाशिवाय गेलेला दोष पाहुण्यासारखा पुन्हा येतो.

सकाळी वाचकाच्या हाती पडलेल्या स्वच्छ पानावर या कारागिराची कोणतीही खूण नसते. त्याचे काम उत्तम झाले, याचा पुरावा एवढाच, की ते दिसत नाही. 'चिंते'वरचा ठिपका जागेवर असतो, औषधाच्या मात्रेतला बिंदू जागेवर असतो, आणि वाचक निश्चिंतपणे पुढच्या ओळीकडे जातो. त्या निश्चिंतपणामागे रात्री कोणीतरी भिंग डोळ्याला लावून 'डाग कोणी पाडला' असे न विचारता 'डाग कोठून आला' असे विचारलेले असते.